परतीचं पॅकेट

बारामती एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचा हिशेब विभाग, भवानीनगरच्या साखर कारखान्याचा वजनकाटा, इंदापूरच्या बाजारपेठेतली पतसंस्था किंवा भिगवणच्या मासळी व्यापाऱ्याचं दुकान, कुठल्याही ठिकाणच्या संगणकाचा पत्ता काढून बघा. बहुतेक जागी तो १९२.१६८ या आकड्यांनी सुरू झालेला दिसेल. मोठी संस्था असेल तर १० नं. हेच आकडे नागपुरात सापडतील, पणजीत सापडतील आणि टोरांटोच्या मराठी घरातल्या राउटरवरही सापडतील. एकच पत्ता लाखो यंत्रांनी लावलेला, तरी एकाचा मजकूर दुसऱ्याकडे जात नाही. कारण हे पत्ते आवाराच्या बाहेर पडतच नाहीत. दारावरची फायरवॉल प्रत्येक पॅकेटवरचा आतला पत्ता काढून त्या जागी बाहेरचा घालते आणि उत्तर आलं की उलटी अदलाबदल करून ते आत पोचवते. या पत्ता-बदलाला कामावरची माणसं 'नॅट' म्हणतात. या प्रकरणात आपणही तोच शब्द वापरू.

मुंबईला कामाला गेलेल्या माणसाच्या नावानं पत्र यायचं ते खाणावळीच्या पत्त्यावर, 'मार्फत' लिहून. खाणावळवाली ते ज्याचं त्याला द्यायची. नॅटचं काम याच जातीचं आहे. फरक एवढाच की फायरवॉलला माणसं ओळखता येत नाहीत. कोण बाहेर गेलं होतं याची तिच्याकडं नोंद असेल, तरच आलेलं उत्तर ती आत सोडते.

म्हणून या विषयातली एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नॅटच्या तक्रारींत जाणारं पॅकेट बऱ्याच वेळा व्यवस्थित गेलेलं असतं. अडकतं ते येणारं. आणि आपण मात्र जाणाऱ्या पॅकेटचे नियम पुन्हा पुन्हा वाचत बसतो.

हा खटाटोप मुळात का करावा लागला, ते थोडक्यात. इंटरनेटचा चौथ्या आवृत्तीचा पत्ता ३२ बिटांचा आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये तो ठरला, तेव्हा त्यातून निघणारे सुमारे ४२९ कोटी पत्ते भरपूर वाटले. दहा-बारा वर्षांतच हिशेब चुकल्याचं दिसू लागलं. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ हा दस्तऐवज लिहून पत्ता बदलण्याची युक्ती मांडली आणि ती थोड्या काळापुरती आहे, असं त्यातच म्हणून ठेवलं. त्याच सुमारास जॉन मेज आणि ब्रँटली कॉइल यांनी 'पिक्स' हे यंत्र बाजारात आणलं. १९९५ मध्ये सिस्कोनं त्यांची कंपनी विकत घेतली. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ नं खासगी वापराचे तीन पट्टे कायम केले: १० नं सुरू होणारे १ कोटी ६७ लाख पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे साडेदहा लाखांच्या आसपास आणि १९२.१६८ चे ६५,५३६.

भारतात विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. म्हणजे आपल्याकडं इंटरनेट आलं तेच टंचाईची चाहूल लागल्यावर. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठा संपला. १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-प्रशांत विभागाचा साठा शेवटच्या टप्प्यात आला आणि रेशन सुरू झालं: त्या शेवटच्या साठ्यातून एका संस्थेला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते, २०१९ पासून ५१२. तालुक्याच्या ठिकाणी ज्यांनी त्यानंतर केबलच्या जोडीनं फायबरचा धंदा सुरू केला, त्यांना प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र पत्ता देणं शक्यच नव्हतं. वाडी-वस्तीवरच्या कनेक्शनवर 'स्टॅटिक आयपी' मागितला की वेगळे पैसे सांगतात, त्यामागं ही टंचाई आहे.

आता फायरवॉलच्या पोटात डोकावू. तिच्या स्मरणात एक तक्ता सतत चालू असतो. त्यातली एक ओळ अशी: आतला पत्ता १९२.१६८.१०.२५, पोर्ट ५१५१४. बाहेरचा पत्ता २०३.०.११३.१०, पोर्ट २०४४८. समोरचा पत्ता १९८.५१.१००.७, पोर्ट ४४३, टीसीपी, उरलेला वेळ ५९ मिनिटं. (२०३.०.११३ आणि १९८.५१.१०० हे पट्टे पुस्तकांतल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, म्हणून इथं तेच वापरतो.) ही ओळ वाचता आली की निम्मं काम झालं. कॅशियरच्या संगणकानं ५१५१४ या पोर्टवरून समोरच्या सर्व्हरशी बोलणं सुरू केलं. फायरवॉलनं ते आपल्या नावावर घेतलं आणि खूण म्हणून २०४४८ हा पोर्ट लावला. आता समोरून २०४४८ वर काही आलं, तर ते कॅशियरचं. ही ओळ तक्त्यातून गेली, तर तेच उत्तर बेवारस ठरतं आणि टाकून दिलं जातं. शेवटच्या आकड्याकडंही लक्ष असू द्या. प्रत्येक नोंदीचं आयुष्य ठरलेलं असतं. बोलणं थांबलं की घड्याळ उतरू लागतं.

इथून पुढं एक पतसंस्था कल्पू. मुख्य कचेरी बारामतीत, शाखा इंदापुरात, मध्ये सुमारे पन्नास किलोमीटर. संस्था कल्पनेतली आहे. तक्रारी मात्र अशा संस्थांतून रोज ऐकू येणाऱ्या आहेत.

पहिला फोन शाखेतून येतो. "साहेब, नेट चालतंय, पण सीबीएस काय उघडंना." या एका वाक्यात निदानाला पुरेल एवढी माहिती आहे. नेट चालतंय, म्हणजे बाहेर जाणाऱ्यांचा पत्ता बदलतोय. उघडत नाही ते सीबीएस, म्हणजे बारामतीच्या सर्व्हरवरचं कोअर बँकिंगचं सॉफ्टवेअर, आणि तिथं जायला दोन फायरवॉलमध्ये व्हीपीएनचा बोगदा आहे. बोगद्यात शिरणाऱ्या पॅकेटचा पत्ता बदलायचा नसतो. इंदापूरचा १९२.१६८.२०.१५ हा संगणक बारामतीच्या १९२.१६८.१०.५ या सर्व्हरकडं स्वतःच्या नावानंच गेला पाहिजे. पण कुणीतरी आदल्या दिवशी 'आतून बाहेर जाणाऱ्या सगळ्यांचा पत्ता बदला' हा सरसकट नियम यादीत वर सरकवलेला असतो. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की शोध तिथंच थांबतो. त्यामुळं सर्व्हरकडं निघालेल्या पॅकेटवरही बाहेरचा पत्ता चढतो, बोगद्याच्या अटीत ते बसत नाही, आणि खासगी पत्त्याकडं निघालेलं ते पॅकेट उघड्या इंटरनेटच्या दिशेनं जाऊन नाहीसं होतं. बोगद्याचा दिवा हिरवा असतो, म्हणून तासभर कुणी तिकडं बघत नाही. उपाय एका ओळीचा: इंदापूर ते बारामती हा प्रवास नॅटमधून वगळणारा नियम सरसकट नियमाच्या वर ठेवायचा.

याच तक्रारीचं एक वाईट रूप आहे. शाखा सुरू करताना राउटर खोक्यातून काढला, तारा जोडल्या आणि तसाच वापरात आणला. मुख्य कचेरीतही कधीकाळी तसंच झालं होतं. दोन्हीकडं १९२.१६८.१. आता इंदापूरच्या संगणकाला बारामतीच्या १९२.१६८.१.३० शी बोलायचं आहे. तो स्वतःचा पत्ता बघतो, समोरचा बघतो, आणि समोरचा आपल्याच खोलीत आहे असं धरून चालतो. मग तो खोलीतच हाका मारत राहतो. फायरवॉलकडं पॅकेट जातच नाही. अशा वेळी फायरवॉलची नोंदवही कोरी दिसते आणि तो कोरेपणाच पुरावा असतो. तात्पुरती सोय म्हणून दोन्ही बाजूंना एकमेकांसाठी खोटे पट्टे दाखवता येतात: बारामतीला इंदापूर १०.२०.१ म्हणून दिसेल, इंदापूरला बारामती १०.१०.१ म्हणून. पण मी सांगेन, शाखेचा पट्टा बदला. शाखेत दहा-पंधरा यंत्रं असतात. एका रविवारी काम होतं. दुहेरी नॅटची गुंतागुंत मात्र पुढं येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोक्याला ताप देते. नवी शाखा उघडतानाच गावागणिक वेगळा पट्टा ठरवून कागदावर लिहून ठेवला, तर हा प्रसंगच येत नाही.

दुसरी तक्रार मला या सगळ्या विषयात सर्वांत शिकवणारी वाटते. संस्थेनं सभासदांसाठी एक छोटं संकेतस्थळ स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलं. बाहेरून, मोबाइलवरून, ते झटकन उघडतं. कचेरीत बसून तेच नाव टाकलं की गोल फिरत राहतं. चेअरमन सांगतात, "अहो, माझ्या फोनवर दिसतंय, इथंच का दिसत नाही?" फोन मोबाइलच्या नेटवर असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पॅकेटच्या मागोमाग जाऊ. कचेरीतला १९२.१६८.१०.५० हा संगणक नावावरून पत्ता काढतो, मिळतो २०३.०.११३.२०. पॅकेट फायरवॉलकडं जातं. तिच्याकडं नियम आहे की २०३.०.११३.२० वर येणारं १९२.१६८.१०.५ या सर्व्हरला द्यायचं. ती पोचवायचा पत्ता बदलते आणि पॅकेट परत आत पाठवते. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र तसाच, १९२.१६८.१०.५०. सर्व्हर तो वाचतो. हा तर शेजारीच बसलाय, फायरवॉलकडं कशाला जायचं, म्हणून उत्तर थेट त्याच्या हातात देतो. आता संगणकाच्या बाजूनं बघा. त्यानं विचारलं होतं २०३.०.११३.२० ला आणि उत्तर आलं १९२.१६८.१०.५ कडून. या पत्त्याला आपण काही विचारलेलंच नाही, म्हणून तो ते उत्तर नाकारतो. सर्व्हर चांगला, नियम बरोबर, तारा शाबूत. फक्त परतीची वाट फायरवॉलवरून गेली नाही.

उपाय तीन. पहिला, अशा आतून आत येणाऱ्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ताही फायरवॉलचा घालायचा, म्हणजे उत्तर तिच्याकडंच येईल. पण मग सर्व्हरच्या नोंदीत सगळी कचेरी एकाच नावानं दिसते. दुसरा, कचेरीच्या आतल्या डीएनएसनं त्या नावाचा आतलाच पत्ता सांगायचा. तिसरा, बाहेरच्यांसाठी असलेला सर्व्हर कर्मचाऱ्यांच्या संगणकांच्या जाळ्यातून काढून वेगळ्या कप्प्यात ठेवायचा. मला तिसराच पटतो. पतसंस्थेचा बाहेर उघडा असलेला सर्व्हर आणि कॅशियरचा संगणक एकाच जाळ्यात असणं धोक्याचं आहे. त्या दुरुस्तीत हाही बिघाड आपोआप मिटतो.

तिसरी तक्रार वेळेशी बांधलेली असते. मॅनेजर सकाळी लॉगिन करतात, वसुलीला जातात, दीड तासानं येऊन बसतात, आणि सॉफ्टवेअर गोठलेलं. बंद करून उघडलं की चालतं. संगणक जुना झाला म्हणून नवा घेतात, तरी तेच. बऱ्याच नामांकित फायरवॉलमध्ये गप्प असलेल्या टीसीपी जोडणीची नोंद एक तासानं पुसायची, असं मूळचं ठरलेलं असतं. उलट संगणकाची 'मी अजून आहे' ही टीसीपीची आठवण मूळ मांडणीत दोन तासांनी निघते. मधल्या तासाभरात फायरवॉल जोडणी विसरलेली असते आणि दोन्ही टोकांना मात्र ती जिवंत वाटत असते. २००८ च्या आरएफसी ५३८२ मध्ये अशा नोंदी किमान दोन तास चार मिनिटं ठेवाव्यात असं म्हटलंय. चार मिनिटांची पुरवणी याच दोन तासांच्या आठवणीसाठी आहे. पण सगळे ते पाळत नाहीत. सर्व्हरवरची आठवण वीस-तीस मिनिटांवर आणावी, किंवा त्या एका सेवेपुरती फायरवॉलची मुदत वाढवावी. सगळ्यांचीच मुदत वाढवू नये, तक्ता फुगतो.

तक्ता फुगण्याचा त्रास पतसंस्थेला सहसा होत नाही, शिक्षणसंस्थेच्या वसतिगृहाला होतो. एका बाहेरच्या पत्त्याला ६५,५३६ पोर्ट. खालचे हजारभर सोडले तर साडेचौसष्ट हजार. पाचशे मुलं संध्याकाळी एकदम मोबाइल आणि लॅपटॉप घेऊन बसली आणि प्रत्येकाच्या शंभर-सव्वाशे जोडण्या धरल्या, तर मजल टोकाला येते. लक्षण ओळखू येण्यासारखं आहे: चालू असलेला व्हिडिओ चालतच राहतो, पण नवं पान उघडत नाही. वेग कमी पडला म्हणून जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी फरक पडत नाही. बाहेरचे आणखी दोन पत्ते घेऊन विभागणी केली की पडतो. काही फायरवॉल समोरचा पत्ता वेगळा असेल तर तोच पोर्ट पुन्हा वापरतात. त्यांची मर्यादा पुढं सरकते, तरी तक्त्याची स्मरणक्षमता कुठं ना कुठं संपतेच.

आयपी फोनवर एका बाजूचा आवाज जातो आणि दुसऱ्या बाजूचा येत नाही, हेही नॅटचंच. फोन आपला पत्ता पॅकेटच्या वरही लिहितो आणि आतल्या मजकुरातही. फायरवॉल वरचा बदलते, आतला राहून जातो. तो बदलण्यासाठी फायरवॉलमध्ये जी खास मदत असते, तीच कधी कधी मजकूर बिघडवते. फोन कंपनीला विचारून ती मदत बंद करून बघणं, ही पहिली पायरी.

जुनी फायरवॉल काढून नवी बसवली, नियम अक्षरशः तेच उतरवले, नेट चालू झालं, पण संकेतस्थळ बाहेरून बंद. आणि मग चार तासांनी कुणी काही न करता ते सुरू झालं. या चमत्काराचं उत्तर पुरवठादाराच्या राउटरमध्ये असतं. कुठला पत्ता कुठल्या यंत्राच्या मॅक क्रमांकावर, याची यादी, म्हणजे एआरपीचा तक्ता, तो ठेवतो. सिस्कोच्या राउटरवर ही नोंद मुळात चार तास टिकते. नव्या फायरवॉलनं स्वतःच्या मुख्य पत्त्याची दवंडी पिटलेली असते, म्हणून नेट चालतं. सर्व्हरसाठी राखलेला जादाचा पत्ता अजून जुन्या, पेटीत गेलेल्या यंत्राच्या नावावरच असतो. अशा वेळी पुरवठादाराला फोन करून एआरपीची नोंद पुसायला सांगावं. ज्यानं हे एकदा बघितलंय, तो बदलाचं काम सुरू करण्याआधीच पुरवठादाराच्या माणसाचा नंबर हाताशी ठेवतो.

आता कचेरीतून शेतावर जाऊ. इंदापूर तालुक्यात डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागांवर कॅमेरे आले आहेत. शेतकरी सिमकार्डवर चालणारा राउटर बसवतो, कॅमेऱ्याचा पोर्ट फॉरवर्ड करतो, आणि घरून काही दिसत नाही. राउटर बदलतो, तरी दिसत नाही. त्यानं एकच गोष्ट बघायला हवी होती: राउटरच्या बाहेरच्या बाजूला पत्ता कुठला आलाय. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी असेल किंवा १० नं सुरू होत असेल, तर वर कंपनीचं आणखी एक नॅट बसलंय. एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ नं ४१ लाख ९४ हजार पत्त्यांचा हा पट्टा खास पुरवठादारांच्या अशा नॅटसाठी काढून दिला. आपण आपल्या दारात कितीही पोर्ट उघडले, तरी कंपनीच्या दारात आपला नियम नाही. बाहेरून आलेलं पॅकेट तिथंच थांबतं. घरातल्या फायबरवर बाहेरचा पत्ता १९२.१६८ चा दिसला, तर पुरवठादाराचा डबाच नॅट करतोय. तो ब्रिज मोडवर टाकायला सांगावा.

मग कंपनीच्या ॲपमधून तोच कॅमेरा कसा दिसतो? कारण कॅमेरा स्वतः आतून बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करून बसतो. बोलणं आतून सुरू झालं की प्रत्येक नॅटमध्ये नोंद होते आणि परतीची वाट तयार असते. बारामतीच्या ॲग्रीकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या सोबतीनं उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायचा प्रयोग केला, त्यात शेतातल्या संवेदकांची माहिती लागते. शिवारातल्या अशा उपकरणांची रचना साधारणपणे आतून बाहेर बोलण्याचीच ठेवतात, ती याच कारणानं. त्यांना कुणी बाहेरून शोधत येत नाही. ती ठरल्या वेळी स्वतः जाऊन माहिती देतात.

निदान करताना हात कुठून घालावा, ते आता सांगतो. एक माणूस, एक संगणक, एक समोरचा पत्ता एवढंच निवडा. 'सगळ्यांचं बंद आहे' यावरून काही सापडत नाही. मग फायरवॉलच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकाच वेळी पॅकेट टिपा. टीसीपीडम्प हे साधन यासाठी पुरतं आणि बहुतेक फायरवॉलमध्ये त्याचाच कुठला तरी अवतार असतो. आतल्या बाजूला पॅकेट दिसलंच नाही, तर दोष फायरवॉलच्या अलीकडं आहे. आत दिसलं, बाहेर नाही दिसलं, तर नियम किंवा मार्ग. बाहेर दिसलं पण आतल्या पत्त्यानिशी, तर नॅटचा नियम जुळलाच नाही. योग्य पत्त्यानं बाहेर पडलं आणि उत्तर आलं नाही, तर पुरवठादार किंवा समोरचा. उत्तर बाहेरच्या बाजूला आलं आणि आत शिरलं नाही, तर तक्त्यात नोंद नाही. दोन पुरवठादारांच्या दोन लाइन असल्या की हा शेवटचा प्रकार आणि त्याचा भाऊ हटकून भेटतो: एका लाइननं आलेल्याचं उत्तर दुसऱ्या लाइननं निघून जातं.

सिस्कोच्या एएसएवर 'पॅकेट-ट्रेसर' नावाची आज्ञा आहे. खोटं पॅकेट सोडून ते कुठल्या पायरीवर कुठल्या नियमानं अडलं, हे ती सांगते. फोर्टिगेटवर 'डीबग फ्लो' खऱ्या पॅकेटवर हेच करतं. लिनक्सवर 'कॉनट्रॅक'नं तक्ता वाचता येतो. आज्ञा पाठ नसल्या तरी चालेल. पण तुमची फायरवॉल आधी पत्ता बदलते की आधी परवानगी बघते, हे ठाऊक असायलाच हवं. एएसएच्या ८.३ आवृत्तीपर्यंत परवानगीच्या नियमात बाहेरचा पत्ता लिहावा लागे. त्या आवृत्तीपासून आतला खरा पत्ता लिहावा लागतो. लिनक्समध्ये परवानगीचा प्रश्न येतो तेव्हा पोचायचा पत्ता आधीच बदललेला असतो. पालो आल्टोवर पत्ता मूळचा लिहायचा, पण झोन मात्र बदलानंतरचा. एका कंपनीची फायरवॉल काढून दुसरीची बसवताना होणाऱ्या कितीतरी चुका इथंच होतात.

नियम दुरुस्त करूनही जुनंच चित्र दिसलं, तर घाबरू नका. चालू जोडण्या जुन्या नोंदीवरच चालतात. त्या संगणकापुरत्या नोंदी पुसा आणि पुन्हा बघा. भर दुपारी सगळा तक्ता पुसला, तर कचेरीतल्या प्रत्येकाचं चालू काम तुटतं.

दोन सवयी मात्र सोडायलाच हव्यात. एक, काही कळेना की रीस्टार्ट. त्यानं तक्ता पुसला जातो, कधी कधी बिघाड दबतो आणि पुरावा कायमचा जातो. दुसरी त्याहून वाईट: 'तपासण्यापुरतं' सगळ्यांना सगळं खुलं करणारा नियम वर टाकायचा. काम चालू होतं, माणूस गावी जातो आणि नियम वर्षानुवर्षं तिथंच राहतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये डाइन या अमेरिकी कंपनीवर हल्ला होऊन मोठमोठी संकेतस्थळं बंद पडली, तेव्हा त्या हल्ल्यातली बरीच यंत्रं कॅमेरे आणि डीव्हीआरच होती. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवून इंटरनेटवर उघडी पडलेली. मिराई नावाच्या प्रोग्रामनं ती हेरून कामाला लावली होती. नॅट आहे म्हणजे आपण सुरक्षित, ही समजूतही चुकीची आहे. नॅट पत्ता बदलतं. कुणाला आत घ्यायचं हे परवानगीच्या नियमांनी ठरतं.

नोंदींबद्दल कायद्याचाही भाग आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आणि घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. नॅटच्या बाबतीत याचं महत्त्व दुप्पट. बाहेरून चौकशी येते ती एका सार्वजनिक पत्त्याची, पोर्टची आणि वेळेची. चाळीस संगणकांपैकी त्या सेकंदाला तो पोर्ट कुणाकडं होता, हे फक्त तुमची नोंद सांगू शकते. घड्याळ पाच मिनिटं पुढं असेल, तर भलत्याच माणसावर बोट जातं.

सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांनी ही सगळी कटकट संपेल, असं १९९८ पासून ऐकू येतंय. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून भारत या बाबतीत जगात आघाडीवर गेला. आज देशातल्या निम्म्याहून जास्त वापरकर्त्यांकडं तो पत्ता पोचलाय. पण पतसंस्थेचं सॉफ्टवेअर, काट्यावरचा संगणक, हजेरीचं यंत्र अजून जुन्याच पत्त्यावर आहे आणि ते बदलेपर्यंत नॅटही राहणार.

तोवर वाचकाला एवढंच सांगणं: आपल्या कचेरीच्या फायरवॉलमधली पोर्ट फॉरवर्डची यादी या आठवड्यात उघडा. प्रत्येक नियमापुढं तो कुणासाठी, कशासाठी आणि कुठल्या तारखेला टाकला ते लिहा. ज्याचं कारण कुणालाच सांगता येत नाही, तो बंद करा.